बंद न होणारी मदत

होईलरावांच्या तोंडून "होईल की!" निघालं तेव्हा मंगळवारची संध्याकाळ होती आणि तोंडात अर्धं बिस्किट होतं. बिस्किट नसतं तर माणूस निदान क्षणभर थांबून विचार करतो, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. ऑफिसातल्यांचं म्हणणं असं, की तोंड रिकामं असतं तरी ते हेच बोलले असते. उगाच का सगळे त्यांना होईलराव म्हणतात? खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण ते वाचायची गरज आजवर कुणाला पडलेली नाही.

समोर ताई बसली होती. ताई म्हणजे होईलरावांची सख्खी मोठी बहीण. पाणीखात्यात सव्वीस वर्षं मीटर वाचतेय. दारोदार फिरायचं, मीटरचं झाकण उघडायचं, आकडा वहीत उतरवायचा आणि पुढच्या दाराशी जायचं, एवढंच काम, पण तिचा जीव होता त्यात. आता खात्यानं वह्या बंद करून सगळ्यांच्या हातात तळहाताएवढं यंत्र द्यायचं ठरवलं होतं. वर पडदा, खाली चार बटणं, पडद्यावर टोचायला प्लास्टिकची काडी. त्यातला प्रोग्राम होईलरावांच्या कंपनीनंच लिहिला होता, हा योगायोग. पण पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सगळ्यांची यंत्रावर परीक्षा, आणि नापास होईल त्याची बदली तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत, हा काही योगायोग नव्हता. तसं परिपत्रकच निघालं होतं.

"तळघरात मी महिनाभर टिकायची नाही बघ," ताई म्हणाली. "दिवसभर खुर्चीत बसायचं? मला वेड लागेल रे."

"पण ताई, यंत्र सोपं आहे अगदी."

"यंत्र असेल सोपं. त्याच्याबरोबर पुस्तक दिलंय एकशे चाळीस पानांचं, आणि अक्षरं मुंगीएवढी. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात पुस्तक, मग मीटरचं झाकण काय नाकानं उघडू?"

ह्यावर ते बिस्किट आणि तो शब्द. "पुस्तक यंत्रातच टाकतो की! अडलं की बटण दाबायचं, मदत समोर. होईल की! दोन दिवसांचं काम."

आतल्या खोलीतून बायको म्हणाली, "ताई, गेल्या वर्षी ह्यांनी कपाटाचं दारही दोन दिवसांतच बसवायला घेतलं होतं." दार अजून भिंतीला टेकून उभं आहे. पण तो विषय वेगळा.

आता इथे थोडं तांत्रिक सांगणं भाग आहे, पण घाबरायचं कारण नाही. यंत्राच्या पडद्यावर जे चौकोन दिसतात त्यांना खिडक्या म्हणतात. खिडकीला स्वतःची अक्कल नसते. कुणी पडद्यावर टोचलं, बटण दाबलं, बंद हो म्हटलं, की यंत्र त्या खिडकीच्या नावे एक निरोप धाडतं. मग खिडकीमागे बसलेल्या प्रोग्रामनं दोनपैकी एक उत्तर द्यायचं. एक तर म्हणायचं, "हे मी केलं, तू बघू नकोस." नाहीतर म्हणायचं, "हे माझं काम नव्हे, तू तुझ्या रीतीनं कर." सगळं शास्त्र ते एवढंच. ह्यात माणसं आयुष्यं घालवतात ती वेगळी.

होईलरावांनी ठरवलं, की मदतीची पानं वेबच्या पानांसारखी करायची आणि ती दाखवणारा तयार व्ह्यूअर आपल्या खिडकीत बसवायचा. व्ह्यूअर म्हणजे एक पोटभाडेकरूच म्हणा. राहतो तुमच्या खिडकीत, पानं झकास मांडतो, पण स्वतःच्या जबाबदारीवर काडी इकडची तिकडे करत नाही. उठसूट मालकाला निरोप धाडतो. इथे चित्र आहे, तुम्ही आणता की मी आणू? इथे कुणीतरी टोचलं, काय करू? मालकानं दर वेळी नीट उत्तर द्यायचं. असा भाडेकरू ज्यानं ठेवलाय त्यालाच कळेल.

बुधवारी त्यांनी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब करार वाचणारे होते. कराराबाहेरचा चहासुद्धा घेत नसत. म्हणाले, "मदत-पुस्तिका करारात नाही. करायची तर घरी कर, कंपनीच्या वेळात नाही."

घरी करायची तर यंत्र घरी न्यायला हवं, आणि यंत्र बाहेर न्यायचं तर भांडारातून पास हवा. भांडारपालाच्या मते यंत्र ही एक वस्तू नसून तीन वस्तू होत्या: यंत्र, बॅटरी आणि काडी. तिघांचे फॉर्म वेगळे. यंत्राचा फॉर्म मिळाला, बॅटरीचाही मिळाला, काडीचे फॉर्म संपले होते.

"मग काडी अशीच द्या," होईलराव म्हणाले.

"फॉर्मशिवाय?" भांडारपालानं चष्मा काढला. "अहो, काडी गेली तर मी काय उत्तर देऊ?"

तेव्हा यंत्र बिनकाडीचं घरी आलं, आणि होईलरावांनी बायकोची क्रोशाची सुई उचलली. बायको एक शाल विणत होती ती तिथेच थांबली. पुढचे आठ दिवस ती शाल अर्ध्यातच लोंबकळत राहिली आणि तिच्याबद्दल दिवसातून दोनदा तरी बोललं गेलं.

बुधवारी संध्याकाळी पहिलं पान भरलं. पडदा पांढराशुभ्र. पुन्हा भरलं, तसाच पांढरा. होईलराव त्या पडद्याकडे टक लावून बसले असताना खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर वर्तमानपत्र परत द्यायला आले. पोस्टमास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण पोस्ट काही त्यांना सोडेना. होईलराव अडचण सांगत असताना निरोप हा शब्द कानावर पडला मात्र, खुर्ची ओढून बसलेच.

"मजकूर पाठवलात?"

"पाठवला हो, तुकड्या तुकड्यानं."

"संपला असं कळवलंत?"

व्ह्यूअरला मजकूर दिल्यावर शेवटी 'झालं, आता मांड' असा एक निरोप द्यावा लागतो, तो राहिलाच होता. बिचारा व्ह्यूअर पुढच्या ओळीची वाट बघत बसला होता. निरोप दिला आणि पान झळकलं. पोस्टमास्तर नुसते हसले. इथेच सगळं बिघडलं. कारण त्यांचा पहिला सल्ला बरोबर निघाला, आणि ज्याचा पहिला सल्ला बरोबर निघतो तो शेजारी मग रोज येतो.

ताईही रोज यायला लागली. फेरी आटोपली की सरळ भावाकडे. खुर्चीत बसायची, क्रोशाची सुई हातात घ्यायची आणि दिसेल तिथे टोचायची. होईलरावांनी "हे दाबू नकोस" म्हटलं, की तेच आधी दाबायची. यंत्र दिवसातून पाच-सहा वेळा तरी ढिम्म व्हायचं. उपाय एकच, मागचं झाकण काढायचं, बॅटरी बाहेर घ्यायची, वीस आकडे मोजायचे, बॅटरी आत घालायची. चार दिवसांत ताईचा हात इतका बसला की ती एका हातानं हे करता करता दुसऱ्या हातानं चहा ढवळायची.

शनिवारी साहेबांनी होईलरावांना बोलावलं. टेबलावर खात्याला गेलेल्या पत्राची प्रत होती. त्यात लिहिलं होतं, की कंपनी आपल्या यंत्रात 'अंतर्भूत सचित्र मदत-पुस्तिका' देत आहे.

"पण साहेब, ही करारात नव्हती ना?"

"नव्हती. आता पत्रात आहे," साहेब म्हणाले. "सचित्र हे मी माझ्याकडून घातलं. बरं दिसतं."

झालं! आता चित्रं आली. व्ह्यूअरनं विचारलं, चित्र तुम्ही आणता का? होईलरावांचा प्रोग्राम म्हणाला, आणतो. आणि आणलंच नाही. व्ह्यूअरनं जागा राखून ठेवली, पानभर रिकामे चौकोन.

"हा चौकोन कसला रे?" ताईनं विचारलं.

"तिथे मीटर आहे."

"मला नाही दिसत."

"येणार आहे."

"ह्यांचं सगळं येणारच असतं," बायको म्हणाली. रविवारी चित्र आलं, पण एवढं मोठं, की पडद्यावर मीटरचा फक्त एक स्क्रू मावला. ताईनं तो ओळखला. तो कुठल्या बनावटीच्या मीटरचा आणि त्याला कुठला पाना लागतो, तेही सांगितलं. होईलरावांना कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला. सोमवारी चित्रं मापात आली.

मंगळवार आणि बुधवार दुव्यांत गेले. अनुक्रमणिकेत 'काच धूसर असल्यास' असं लिहिलेलं, त्यावर टोचलं की ते पान उघडायला हवं. पण टोचलं की व्ह्यूअर सटकून इंटरनेटवर शोधायला जायचा आणि हात हलवत परत येऊन सांगायचा, पान सापडलं नाही.

"पुस्तक घरात आहे ना?" बायकोनं विचारलं. "मग ते बाहेर कशाला हिंडतंय?" प्रश्न बरोबर होता, म्हणूनच होईलरावांना लागला. तीन डबे उघडून चहापत्ती शोधणाऱ्या माणसाला हा प्रश्न ह्या घरात आधीही विचारला गेला होता.

गुरुवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. उद्या परीक्षा. संध्याकाळी पाचपर्यंत कंपनीत प्रोग्राम द्यायचा, तिथून तो खात्याच्या सगळ्या यंत्रांत जाणार. ताई फेरीवर गेली होती. दुपारी पोस्टमास्तर आले आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "होईलराव, तुम्ही पोच देत नाही. पस्तीस वर्षं मी एकच पाहिलं. पोच मिळाली की माणूस शांत होतो. पोच नाही मिळाली, की तोच हिंडायला लागतो. तुम्ही सरसकट पोच द्या. येईल त्या निरोपाला म्हणा, मिळालं, केलं."

होईलरावांना हे एकदम पटलं. पटणारच. जन्मभर त्यांनी दुसरं काय केलं होतं? नळ गळतोय, होईल. मावशींना फोन करायचाय, होईल. त्यांनी मदतीच्या खिडकीच्या अगदी दाराशीच एक ओळ लिहिली: येईल त्या निरोपाला उत्तर एकच, 'हे मी केलं'. त्याखाली दुव्यांचं खरं काम घातलं. 'काच धूसर असल्यास' वर सुई टेकवली, आणि पान टुणकन समोर! व्ह्यूअर जागचा हलला नाही. पोस्टमास्तरांनी टाळी वाजवली. बायकोनंही येऊन दोन दुवे टोचून पाहिले आणि तोंडभरून म्हणाली, "अहो, जमलं की हो!" लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण हे वाक्य होईलरावांनी दुसऱ्यांदाच ऐकलं. मग चहा झाला. चहा होईतो बॅटरी संपून यंत्र आपोआप झोपलं, पाचाला अर्धाच तास उरला, आणि होईलराव धावले. उघडून सगळ्यांनी पाहिलं होतं. मिटून कुणीच पाहिलं नाही.

शुक्रवारी खात्याच्या मोठ्या खोलीत एका फळीवर दहा मीटर ठोकले होते. कोपऱ्यात खुर्च्या मांडून साहेब आणि होईलराव कंपनीतर्फे बसले होते. परीक्षा घ्यायला अधिकारीबाई होत्या, आवाज हळू, नजर कडक. उमेदवारानं फळीवरचे दहा मीटर वाचायचे, मग टेबलाशी बसून ते यंत्रात भरायचे; विसरलं तर उठून पुन्हा पाहायला हरकत नव्हती. वेळ पंधरा मिनिटं, कुणाची मदत घ्यायची नाही. पहिल्या तिघांनी भीतीनं मदतीच्या बटणाला हातच लावला नाही. दोघं पास झाले. तिसऱ्याचं यंत्र त्याच्याकडे बघत राहिलं आणि तो यंत्राकडे, अशी त्याची पंधरा मिनिटं संपली.

चौथी ताई. फळीसमोरून ती बाजारातून चालावं तशी चालत गेली, टेबलाशी बसली आणि नऊ आकडे भरले. दहाव्या मीटरची काच धुरकट होती, मुद्दामच निवडलेली. आकडा दिसला नव्हता. ताईनं मान वर करून भावाकडे पाहिलं, हसली, आणि मदतीचं बटण दाबलं.

पान उघडलं. सचित्र. 'काच धूसर असल्यास कोड सतरा भरावा.' अधिकारीबाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "वा, छान केलंय." साहेबांनी टाय सरळ केला. ताईनं कोपऱ्यातल्या फुलीवर टोचलं.

काही झालं नाही.

तिनं पुन्हा टोचलं. बटण दाबलं. पान जिथल्या तिथे. आणि त्या क्षणी होईलरावांच्या लक्षात आलं. 'बंद हो' हाही एक निरोपच की! तो खिडकीच्या दाराशी येत होता, आणि दाराशी त्यांची ती ओळ त्याला सांगत होती, हे मी केलं. यंत्र बिचारं विश्वास ठेवून परत जात होतं. मदत बंद होणार नव्हती. आज नाही, उद्या नाही. आणि दहाही आकडे भरून झाल्याशिवाय यंत्र एकही कायमचा साठवत नाही, ही हुशारीही त्यांचीच. बॅटरी काढली तर नऊही जाणार. आपल्या बहिणीला आपणच हाताला धरून तळघराच्या जिन्यापर्यंत आणलं, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं अगदी खरं होतं.

ते उभे राहिले. "थांबा, मी बघतो..."

"कंपनीच्या माणसानं बसावं," अधिकारीबाई म्हणाल्या. "बाहेरची मदत चालणार नाही."

"ही आतलीच मदत आहे हो, तीच तर..." साहेबांनी कोट ओढून त्यांना खाली बसवलं.

ताईनं एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. सहा मिनिटं. तिनं यंत्र पालथं केलं, झाकण काढलं, बॅटरी बाहेर घेतली आणि शांतपणे वीस आकडे मोजले. बॅटरी आत गेली, यंत्र जागं झालं, पाटी कोरी. आता ही उठून फळीकडे धावेल, असं सगळ्यांना वाटलं. ताई उठलीच नाही. बसल्या जागेवरून, मान वर न करता, तिनं नऊच्या नऊ आकडे भरले.

अधिकारीबाई कागद घेऊन फळीकडे गेल्या आणि एकेक ताडून पाहू लागल्या. नऊही बरोबर. "पाठ केले होते?"

"पाठ कशाला करायचे?" ताईला खरंच नवल वाटलं. "वाचले ना मघाशी."

मग ती उठली, दहाव्या मीटरपाशी गेली, काचेवर तोंडानं वाफ सोडली, रुमालानं खसाखसा पुसलं, आकडा वाचला आणि परत येऊन यंत्रात भरला.

"पण पुस्तिकेप्रमाणे कोड सतरा भरायचा," अधिकारीबाई म्हणाल्या.

"पुसली की दिसतं, बाई. सतरा कशाला?"

अधिकारीबाईंनी काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ताई पास झाली. होईलरावांचे डोळे भरून आले. ते त्यांनी साहेबांच्या टायवरच्या ठिपक्यांकडे बघून कसेबसे आवरले.

"ही मदत कुणी केलीय?" अधिकारीबाईंनी विचारलं. साहेब लगेच छताकडे पाहू लागले.

"मी," होईलराव म्हणाले. "एका ओळीची चूक आहे. आज दुरुस्त होईल."

"ओळ दुरुस्त होईल हो. पण तुम्ही कधी मीटर वाचलाय?"

होईलरावांनी आयुष्यात मीटरच्या चित्रातला एक स्क्रू पाहिला होता.

"यंत्रं आम्ही घेऊ," अधिकारीबाई म्हणाल्या. "एका अटीवर. ज्यानं हे केलंय त्यानं पंधरा दिवस आमच्या माणसांबरोबर फिरायचं, सकाळी सातपासून." होईलराव तोंड उघडणार, तेवढ्यात करारापलीकडे कधी शब्द न देणारे साहेब ताडकन म्हणाले, "होईल की!"

सोमवारी सकाळी सात वाजता होईलराव ऑफिसचे बूट घालून ताईच्या मागून निघाले. साडेआठला बूट चावायला लागले. नऊपर्यंत अकरा जिने, दोन कुत्री आणि एक मीटर असा झाला होता, की तो वाचायला ताई पिंपामागे पालथी झोपली. पडद्यावर ऊन पडलं की होईलरावांची सुरेख अक्षरं मुळीच दिसत नव्हती. ताई यंत्र आपल्या सावलीत धरायची, हे त्यांना घरात बसून कधीच कळलं नसतं. प्रत्येक दारात तिला कुणीतरी ओळखत होतं. एकीनं गुडघ्यांची चौकशी केली. एकानं नवीन पायपुसणं दाखवलं. एका आजोबांनी, मागच्या महिन्यात आकडा जास्त आला म्हणून भांडायला ठेवलेला मुद्दा तिला पाणी प्यायला देऊन मगच काढला. ताई सगळ्यांशी बोलत होती, हसत होती, आणि एकदाही थांबलीय असं वाटत नव्हतं.

एका जिन्याच्या वळणावर होईलराव बसलेच. बूट काढला. "ताई," ते म्हणाले, "माझ्यामुळे तू तळघरात गेली असतीस गं."

"गेले असते," ताई म्हणाली. तिनं ते हसण्यावारी नेलं नाही, आणि होईलरावांना त्याचंच बरं वाटलं. "मला फार भीती वाटली होती रे. वीस मोजत होते ना, तेव्हा." मग तिनं त्यांचा बूट उचलून पाहिला, मान हलवली आणि नाडी सैल करून दिली. "चल. अजून चाळीस घरं आहेत."

वरच्या मजल्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. ताईला आत घेतलं आणि मागे उभ्या असलेल्या, घामेजलेल्या, एका पायानं लंगडणाऱ्या गृहस्थाकडे संशयानं पाहिलं.

"हे कोण बाई तुझ्याबरोबर?"

होईलराव जरा ताठ उभे राहिले. यंत्रातला प्रोग्राम त्यांनी लिहिला होता, तेवीस वर्षांचा अनुभव होता, ओळख करून देण्यासारखं बरंच होतं.

"माझा धाकटा भाऊ," मीटरचं झाकण उघडता उघडता ताई म्हणाली. "नवीन आहे. शिकेल."